भाऊबिजेच्या आदल्या दिवशीचा स्वयंपाक

माझ्या नणंदेची दोन्ही मुलं दिवाळीला आमच्याकडे येणार आहेत आणि ती जवळजवळ काहीच खात नाहीत, या दोन्ही गोष्टी मला एकाच पत्रातून कळल्या.

नणंद त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात गेली. भिलाईला, काविळीनं, आठ-दहा दिवसांत. तिचे यजमान तिथं कारखान्यात शिफ्टवर होते. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. ऐंशी सालाच्या आसपासची ही गोष्ट. दर भाऊबिजेला नणंद मुलांना घेऊन आर्वीला यायची, भावाला ओवाळायला. भाऊ म्हणजे माझे यजमान. आमच्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात आम्ही दोघं आणि सासूबाई, एवढेच. यंदा लेक नाही तर लेकीची लेकरं तरी यावीत, हे सासूबाईंनी दसऱ्यापासून धरून ठेवलं होतं.

मुलांच्या वडिलांनी आंतरदेशीय पत्र पाठवलं. त्यात खुशाली दोन ओळींची आणि बाकी सगळी यादी. मुलगी वांगं खात नाही, कोहळं खात नाही, पालेभाजीला हात लावत नाही, भाजीत कांदा दिसला की ताट सरकवते. मुलाला पांढरा भात, दूध, साखर आणि बटाटा चालतो. वरण पिवळं दिसलं तर नको म्हणतो. शेवटी लिहिलं होतं, ‘त्यांच्या आईनं लाड केले, आता माझ्यानं होत नाही. तुम्ही समजून घ्यावं.’

मी ते पत्र दोनदा वाचलं आणि मला आश्चर्य वाटलं ते माझंच. ही मुलं चार-पाच वर्षं दिवाळीला माझ्याच घरी जेवत होती. पण नणंद आली की स्वयंपाकघर तिच्या हाती जायचं. ती मुलांच्या ताटात काय वाढते, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. पाहायची गरज वाटली नव्हती.

सासूबाईंनी यादी ऐकली आणि म्हणाल्या, “लेकरं हायत, खातीन हळूहळू. मायवाचून लेकरू जेवत नसते व बाई.”

त्यांनी हे सहज म्हटलं असेल. मला मात्र ते टोचलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. बायका समोर बोलत नसत, पण कोणाच्या ओटीभरणाला मला पुढं बसवत नसत, हे मला दिसत होतं. मला वाटलं, लेकराला जेवू घालायला काय आईच लागते? बघा मी कशी घालते. मुलांना चार घास सुखाचे मिळावेत म्हणून मी तो बेत आखला, असं मी पुढं कित्येकांना सांगितलं. खरी गोष्ट अशी, की मला जिंकायचं होतं.

धनत्रयोदशीला यजमान पुलगावला जाऊन मुलांना अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेगाडीनं घेऊन आले. दोघं हात धरून उतरली, आणि घरात आल्यावरही हात सुटला नाही. मुलगी हिंदीमिश्रित मराठी बोलायची, मुलगा जवळजवळ हिंदीच. पहिल्या रात्री मी भाजी, पोळी, वरण-भात वाढला. मुलीनं पोळीला साखर लावून गुंडाळी केली, अर्धी स्वतः खाल्ली, अर्धी भावाला दिली. “मामी, बाकी हम नहीं खाते,” ती म्हणाली. उद्धट नव्हती ती. एखादा माणूस आपलं नाव-गाव सांगतो तसं तिनं सांगितलं. लक्ष्मीपूजनाला चकल्या, करंज्या सगळं घरात होतं. मुलानं करंजीचं नुसतं कवच खाल्लं आणि आतलं सारण ताटाच्या कडेला लावून ठेवलं. सासूबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी ते सारण उचललं.

अडचण होती ती भाऊबिजेची. मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. लक्ष्मीपूजनाची सुट्टी मी मागून घेतली होती, त्यामुळे भाऊबिजेची सकाळची ड्यूटी माझ्या वाट्याला आली. सात ते दोन. बदली मागायची सोय नव्हती. आम्ही सगळ्या बायकाच होतो आणि प्रत्येकीला भाऊ होता. म्हणजे भाऊबिजेचं जेवण आदल्या दिवशी, पाडव्याला, करून ठेवायचं. घरी फ्रिज नाही. टिकेल असं हवं, मुलांना चालेल असं हवं, आणि सणाचं दिसेल असंही हवं.

बोर्डावर कॉल नसले की मी त्याचाच विचार करत असे. कानाला हेडफोन, समोर कॉल जोडायच्या कॉर्डी, आणि डोक्यात पातोड्या. ट्रंक कॉलच्या कोऱ्या चिठ्ठीच्या मागं मी बेत लिहून काढला. पातोड्या आदल्या दिवशी थापून वड्या पाडून ठेवायच्या. बेसनाच्या, त्यामुळे शिजवून थंडीत ओल्या फडक्याखाली नीट राहतात. रस्सा दोन प्रकारचा, एक आमचा झणझणीत आणि एक मुलांचा, कांदा बारीक वाटून, तिखट न घालता. बटाट्याची कोरडी भाजी. शेवया तुपावर भाजून ठेवायच्या, सकाळी सासूबाई त्यात दूध-साखर घालून खीर करतील. तिखट-मिठाच्या पुऱ्या. आणि गोड पुऱ्या, कोहळ्याच्या.

हो, कोहळ्याच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या. यादीत कोहळं नाही असं लिहिलेलं असताना. गुळात शिजवलेलं कोहळं कणकेत मळून केलेल्या पुऱ्या दोन दिवस मऊ राहतात, आणि तळल्या की कोणाला कळत नाही आत काय आहे. मला वाटलं, खातील, आवडेल, मग मी हसत सांगेन, बघा, तुम्ही कोहळं खाल्लं. माझ्या मनात ते दृश्य अगदी पक्कं झालं होतं. सगळे हसतायत, मुलगीसुद्धा हसतेय, आणि सासूबाई माझ्याकडे पाहतायत.

पाडव्याला यजमान दोघांना गायगोधन दाखवायला घेऊन गेले. गाई-बैलांची शिंगं रंगवलेली, गळ्यात झेंडूच्या माळा, वाजंत्री. मुलांना दोन-तीन तास पुरेल एवढं होतं. मी तेवढ्यात कोहळं चिरलं, उकडलं, गुळात आटवलं. सालं आणि बिया कागदात गुंडाळून परसातल्या उकिरड्यात खाली दाबल्या. चोरी करताना माणूस जसं करतो तसंच. सासूबाई दाराशी बसून वाती वळत होत्या.

“सांगून देजो व पोराईले काय हाय त्याच्यात,” त्या म्हणाल्या.

“आधी खाऊ द्या आई, मग सांगते.”

“लबाडी करून खाऊ घातलं तं अंगी लागत नाई.”

मी हसण्यावारी नेलं.

मुलं परत आली तेव्हा शेवटचा घाणा तळत होते. मुलगी स्टोव्हजवळ येऊन उभी राहिली. पुऱ्यांचा रंग तिनं पाहिला.

“मामी, यात काय आहे?”

“गूळ आणि कणीक.”

“इतना पीला?”

“गूळ पिवळा होता, म्हणून.”

तिनं मान डोलावली. तिचा माझ्यावर विश्वास बसला होता, हे मला स्पष्ट दिसलं. मी पुरी पालथी केली.

संध्याकाळी सगळं जाळीच्या कपाटात लावलं. पुऱ्यांचा डबा मुंग्या लागू नयेत म्हणून पाण्याच्या परातीत ठेवला. सासूबाईंना सांगून ठेवलं, मुलांना अकराला जेवायला वाढा, माझ्यासाठी थांबू नका.

भाऊबिजेला दोन वाजता सुटून मी घरी आले तर कोणीच जेवलेलं नव्हतं. सासूबाईंना वाटलं, एवढं राबून केलं तिनं, आणि तिच्या पाठीमागं कसं जेवायचं. मुलं भुकेनं मलूल झालेली. त्यांना दूध-बिस्किटावर ठेवलं होतं. मी स्वतः पहाटे चहावर निघाले होते. आणि ओवाळणंही राहिलेलंच होतं.

मुलीनं नवा फ्रॉक घालून भावाला ओवाळलं. मग सासूबाई तिला म्हणाल्या, “आता मामाले ओवाळ, बाई. तुह्या मायच्या जागी.” मुलीनं ताट उचललं आणि मामासमोर उभी राहिली. तिचा हात लहान, ताट जड. निरांजन एका बाजूला कललं. यजमानांना तिच्याकडे बघवेना. ते खाली मान घालून बसले आणि त्यांच्या खांद्यांवरून कळलं की ते रडतायत. सासूबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. मुलगी सगळ्यांकडे पाहत उभी, आपलं काही चुकलं का, अशी.

त्यावेळी मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी ताटं घ्यायला वळले.

पानं वाढली. सगळं जसं योजलं होतं तसं झालं होतं. पातोड्या फुटल्या नव्हत्या, मुलांच्या रश्शात कांदा दिसत नव्हता, खीर पांढरीशुभ्र होती. मुलानं खिरीची वाटी तोंडाला लावली. मुलीनं गोड पुरी उचलली, तोडली आणि तोंडात घालण्याआधी उजेडाकडे धरली. आत कोहळ्याचा एक धागा राहिला होता, केशरी, बोटभर लांब. मी नीट घोटलं नव्हतं.

“ये कद्दू है,” ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, “आपने झूठ बोला.”

यजमान हसले. त्यांना वातावरण हलकं करायचं असेल. “पकडली गेली तुझी मामी,” ते म्हणाले. मुलानं बहिणीकडे पाहिलं, खिरीची वाटी खाली ठेवली, आणि सगळं ताटच पुढं ढकललं. बहिणीनं खायचं नाही तर त्यानंही नाही. रस्सा सांडला, तिच्या नव्या फ्रॉकवर गेला.

मला संताप आला. दोन दिवसांचे कष्ट, पहाटेपासूनची भूक, आणि नऊ वर्षांच्या पोरीनं सासूसमोर मला खोटारडी म्हणणं, जे खरंच होतं. रागात माझी बोली माहेरची होते. मी म्हटलं, “असे नखरे करान तं कोन ठेवून घेईन तुमाले?”

हे वाक्य मी हवेतून आणलं नव्हतं. मुलांना आर्वीलाच ठेवून घ्यावं का, याची चर्चा दिवाळीआधीपासून आमच्या घरात चालू होती. त्यांच्या वडिलांची शिफ्ट, घरी बाई माणूस नाही. मुलं झोपली असं समजून आम्ही शेजारच्या खोलीत बोलत असू. माझी कल्पना होती की त्यांना काही माहीत नाही. मुलीच्या चेहऱ्यावरून मला त्याच क्षणी कळलं की तिला सगळं माहीत आहे.

ती रडली नाही. तिनं पुरीचा तो तुकडा तोंडात घातला. चावला, गिळला. दुसरा तुकडा घेतला. पुरी संपवून तिनं पातोडी खाल्ली, भाजी खाल्ली, भाताच्या प्रत्येक घासानंतर पाण्याचा घोट घेत ताट पुसून स्वच्छ केलं. मग मला म्हणाली, “मामी, अजून एक पुरी द्या.”

“पाहा,” सासूबाई खूश होऊन म्हणाल्या, “खाते का नाई! म्या म्हनलं होतं.”

यजमान खाली पाहून जेवत होते. त्यांनी माझं वाक्य ऐकलं होतं का, मी कधी विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर असली वाक्यं घरोघरी मुलांना रोज ऐकवली जातात. त्या खोलीत ते वाक्य कोणालाच मोठं वाटलं नाही. फक्त तिला, आणि मला.

जेवणं झाल्यावर मी खरकटी भांडी घेऊन परसात निघाले. मोरीच्या भिंतीपलीकडून आवाज आला म्हणून थांबले. मुलगी भावाला मांडीवर घेऊन बसली होती, हातात पुरी. ती तुकडे करून त्याला भरवत होती.

“खा ले. जल्दी.”

“नहीं भाता.”

“खा ले ना. नहीं तो ये लोग रखेंगे नहीं.”

“तो पापा के पास जाएँगे.”

तिनं पुरी मोडली. मग म्हणाली, “पापा भी नहीं रख सकते. पापा ने नानी को बोला है.” आणि पुढचा तुकडा त्याच्या तोंडात कोंबला. त्याला उमासा आला. तिनं त्याच्या तोंडावर हात धरला, तो गिळेपर्यंत.

मी तिथं भांडी घेऊन उभी होते. चार पावलं पुढं जायचं होतं. जाऊन म्हणायचं होतं, बेटा, मामी रागात बोलली, खोटं बोलली, खाल्लं नाही तरी चालेल. एवढंच. मी मागं फिरले, भांडी स्वयंपाकघरातच ठेवली, आणि मुलं आत येईपर्यंत बाहेर गेले नाही. लाज वाटली म्हणून गेले नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. लाज होतीच. पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती: मुलं खात होती. माझा बेत साधला होता.

नंतरचे चार दिवस दोघांनी समोर येईल ते खाल्लं. मी वांगं केलं नाही, तेवढी शरम मला होती. पण शेजारणीनं भरल्या वांग्यांची वाटी पाठवली, आणि मुलीनं स्वतःहून एक वांगं वाढून घेतलं. खाताना ती माझ्याकडे पाहत होती. कौतुकासाठी नव्हे. मी पाहतेय ना, याची खात्री करून घेण्यासाठी. शेजारणी म्हणाल्या, “काय जादू केली हो तुम्ही? मायले नाही जमलं ते मामीनं केलं.” मी म्हटलं, “लेकरांना समजुतीनं घ्यावं लागतं.” हे शब्द माझ्या तोंडून जसेच्या तसे निघाले आहेत. आजही ते आठवले की मी हातातलं काम थांबवते.

रोज ठरवायचे, आज तिला सांगू. ती भांडी पुसू लागायची, अंथरुणं घालायची, भावाचे कपडे धुवायची. मी म्हणायचे, “राहू दे बेटा.” ती म्हणायची, “मुझे आता है, मामी.” निघायच्या दिवशी मी तिच्या केसांना तेल लावून वेण्या घातल्या. तेव्हा तिचं तोंड पलीकडे होतं, बोलणं सोपं होतं. मी रिबिनीची गाठ बांधली आणि म्हटलं, “पुढच्या वर्षी पण यायचं हं.”

ती म्हणाली, “हम यहाँ रहेंगे ना?”

मी म्हटलं, “बघू, मामा ठरवतील.”

मामांनी ठरवलं नाही. त्यांनी मला विचारलं. मुलांच्या वडिलांचं पत्र आलं होतं, दोन वर्षं तरी सांभाळाल का म्हणून. यजमान म्हणाले, “तुझं मन असेल तरच.” मी माझी नोकरी सांगितली. पाळ्यांची ड्यूटी, कधी सकाळ, कधी रात्र. सासूबाईंचं वय सांगितलं. दोन खोल्या सांगितल्या. सगळी कारणं खरी होती. त्यातलं एकही खरं कारण नव्हतं. ती मुलगी रोज माझ्यासमोर बसून ताट पुसून खाणार आणि माझ्याकडे पाहणार, हे मला सहन होणार नव्हतं. तिनं माझी अट पूर्ण केली होती, आणि तरी मी नाही म्हटलं.

मुलं रायपूरला काकांकडे गेली. तिथं त्यांची स्वतःची चार होती. सासूबाई मला एकदाच म्हणाल्या, चिडून नव्हे, नवल वाटल्यासारख्या: “तुह्या हातचं त खाऊन राह्यले होते दोघंबी. मंग काऊन नाई ठेवले व?” मी तांदूळ निवडत राहिले.

त्यानंतर दोन वर्षांनी मला मुलगी झाली. ती खाण्याच्या बाबतीत भारी हट्टी निघाली. तिनं ताट सरकवलं की मी ते उचलून न्यायचे, शब्द न बोलता. यजमान म्हणायचे, तू तिला बिघडवतेयस. असेल. त्या एका जागी मला तोंडच उघडता येत नसे.

सासूबाई गेल्या तेव्हा त्या दिवाळीला सहा वर्षं झाली होती. तेरवीला रायपूरहून दोन्ही मुलं आली. मुलगी पंधराची, उंच, मोजकं बोलणारी; मुलगा बाराचा. तेरवीच्या पंगतीत वांगं-बटाट्याची भाजी होती. मुलीनं ती मुकाट खाल्ली. मुलानं पानात वाढू दिली आणि भाताखाली लपवली. तिनं ते पाहिलं, डोळे वटारले, आणि त्यानं भाताखालून वांगं काढून तोंडात टाकलं. हे सगळं एका क्षणात, आवाज न होता झालं.

पाहुणे गेल्यावर दुपारी ती ओसरीत एकटी पत्रावळींचा गठ्ठा बांधत होती. मी जाऊन शेजारी बसले.

“तुला वांगं आवडत नव्हतं ना गं?”

“आता चालतं, मामी.” रायपूरला राहूनही तिचं मराठी सुधारलं होतं.

मी म्हटलं, “त्या भाऊबिजेला मी तुला एक बोलले होते.”

सुतळीवरचा तिचा हात थांबला. “कोण ठेवून घेईल,” ती म्हणाली. शब्दसुद्धा विसरली नव्हती.

“ते बोलायला नको होतं. तुझं काहीच चुकलं नव्हतं. खोटं मीच बोलले होते.”

तिनं खांदे उडवले. “तुम्ही रागात होता.” मग सुतळी ओढत म्हणाली, “मला तुमचा राग नाही आला कधी. मला त्याचा राग यायचा.”

“कोणाचा?”

“ह्याचा. भावाचा.” तिनं अंगणाकडे पाहिलं, तो तिथं माझ्या मुलीला सायकलवर बसवून फिरवत होता. “मला वाटायचं, मी तर सगळं खाल्लं. तो नीट खात नव्हता, उलट्या काढायचा, म्हणून आम्हाला नाही ठेवलं. काकांकडे गेल्यावर मी त्याला जेवताना मारायची. पाठीत. काकूला दिसायचं नाही असं. तिथून पण काढतील म्हणून.”

मला वाटलं होतं की मी माझ्या चुकीची सगळी लांबी-रुंदी जाणून आहे. सहा वर्षं मी ती चूक मनात उलटीपालटी करत होते. आणि ती अशा घरात जाऊन पोचली होती, जे मी पाहिलेलंही नव्हतं, अशा पाठीवर, जिचा मी विचारही केला नव्हता.

मी तिला सगळं सांगितलं. वडिलांचं पत्र आलं होतं ते. मामांनी मला विचारलं होतं ते. नाही मी म्हटलं होतं, दुसऱ्या कोणी नाही. “तुम्ही दोघांनी सगळं खाल्लं होतं,” मी म्हटलं. “खाण्याचा काही संबंधच नव्हता. माझ्यात हिंमत नव्हती.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच मला तिच्या डोळ्यांत राग दिसला, आणि मला त्याचं बरं वाटलं, इतका तो माझ्या वाट्याचा होता. पण ती माझ्यावर ओरडली नाही. ती म्हणाली, “हे त्याला सांगा.”

“सांगते. सवडीनं.”

“आत्ता,” ती म्हणाली. उठून तिनं त्याला हाक मारली.

तो सायकल लावून आला. मी त्याला सांगितलं, त्याच्या बहिणीसमोर, जेवढं साध्या शब्दांत सांगता येईल तेवढं. तो ऐकत होता, पण त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच.

“मुझे तो कुछ याद नहीं, मामी,” तो म्हणाला. मग बहिणीला विचारलं, “तू इसलिए मारती थी?”

तिनं होकारार्थी मान हलवली.

तो हसला आधी. मग हसू ओसरलं. “मेरे को लगता था तुझे मैं पसंद नहीं,” तो म्हणाला.

तिनं हातातली सुतळी खाली टाकली आणि त्याच्या शर्टाची बाही धरून त्याला फाटकाबाहेर घेऊन गेली. रस्त्यापलीकडे निंबाखाली दोघं उभी राहून बोलत होती. ऐकू येत नव्हतं, आणि ऐकायला जायचा मला अधिकारही नव्हता. माझी मुलगी माझा पदर ओढून विचारत होती, दादा सायकल चालवायला परत कधी येणार. मी तिला म्हटलं, थांब, त्यांचं बोलणं होऊ दे.